अनुभव धागा : दिवस राहिल्यापासून दूध तुटेपर्यंत छातीत काय काय बदलतं

बाळंतपणाच्या कहाण्या कुठेही मिळतात, त्यामुळे या धाग्यावर त्या नकोत. ज्यांचे हात रोज या कामात असतात त्यांनी लिहावं. माप, वेळ, काय चुकतं आणि का चुकतं, एवढंच. नावं नकोत, कामाचा उल्लेख पुरे.

स्तनपान समुपदेशक

सुरुवात सगळ्यात जास्त विचारल्या जाणाऱ्या प्रश्नाने करते. पाजल्याने छाती ओघळते का? नाही. केंटकीतल्या प्लास्टिक सर्जननी २००८ साली यावर अभ्यास प्रसिद्ध केला. शस्त्रक्रियेसाठी आलेल्या बायकांमध्ये पाजलेल्या आणि न पाजलेल्या अशी तुलना केली, तर ओघळण्यात फरक सापडला नाही. फरक पडत होता तो वय, वजन, गरोदरपणांची संख्या, मुळातला मोठा आकार आणि सिगारेट यांनी. कारण सरळ आहे. स्तन वाढतात ते पोटात बाळ असताना. त्वचा आणि आतले धरून ठेवणारे तंतू तेव्हाच ताणले जातात. पाजा अथवा पाजू नका, तो ताण पडून गेलेला असतो. या भीतीने महिनाभरात दूध तोडणारीच्या हाती काही लागत नाही, उलट छातीत दूध साकळण्याचं दुखणं तेवढं मागे लागतं.

क्रम साधारण असा. सहाव्या ते आठव्या आठवड्यात हुळहुळेपणा आणि जडपणा, कित्येकींना पहिली चाहूल हीच. मग निळ्या शिरा दिसू लागतात, बोंडाभोवतीचं वर्तुळ रुंद आणि गडद होतं, त्यावर बारीक पुटकुळ्या उठतात. त्या फोडू नका, घासू नका. त्या तेलग्रंथी आहेत आणि बोंडाला वंगण देतात. बोंडाला साबण लावायचा नाही तो याचसाठी. सोळाव्या आठवड्याच्या आसपास आत चीक तयार होऊ लागतो. सातव्या-आठव्या महिन्यात ब्लाउजला पिवळसर डाग पडला तर घाबरायचं कारण नाही. आणि डाग पडला नाही म्हणून पुढे दूध कमी येईल असंही नाही.

अंतर्वस्त्रांचं दुकान

आमच्याकडे येणाऱ्या दहा गरोदर बायकांतल्या बहुतेक फक्त नंबर वाढवून मागतात. "३४ घालत होते, आता ३८ द्या." इथेच चुकतं. नंबर म्हणजे छातीखालच्या पट्ट्याचा घेर आणि अक्षर म्हणजे कप. वाढतात दोन्ही, पण सारखे नाही. फासळ्या रुंदावतात म्हणून पट्टा एखाद्या नंबराने वाढतो, कप मात्र दोन-तीन अक्षरंही वाढू शकतो. नुसता नंबर वाढवला की पट्टा पाठीवर वर सरकतो, सगळं वजन खांद्यावरच्या पट्ट्यांवर येतं आणि खांद्यांना चर पडतात. मग वाटतं आपलंच अंग बेढब झालंय.

माप घेताना टेप छातीच्या लगेच खाली, श्वास सोडून, जमिनीला समांतर. दुसरं माप सर्वांत भरलेल्या भागावरून, सैलसर. आपल्याकडच्या बऱ्याच कंपन्यांच्या तक्त्यात ३४ म्हणजे छातीखाली ३४ इंच नव्हे, साधारण २९-३० इंच असतं, तेव्हा पाकिटामागचा तक्ता वाचाच. कपाचं एक अक्षर म्हणजे घेरात साधारण एक इंच. आणखी एक दुकानी युक्ती : ३४सी आणि ३६बी यांचे कप सारखेच असतात, फरक फक्त पट्ट्याचा. एक नाही मिळाली तर दुसरी घालून बघता येते.

हुकांचं गणित उलटसुलट असतं, म्हणून नीट वाचा. चौथ्या-पाचव्या महिन्यात घेताय तर सर्वांत आतल्या हुकांवर, म्हणजे घट्ट करून, बसेल अशी घ्या. फासळ्या अजून रुंदावणार आहेत, सैल करायला जागा राहते. पाजायची ब्रा छत्तिसाव्या आठवड्याच्या सुमारास घेताय तर शेवटच्या हुकावर, म्हणजे सर्वांत सैल करून, बसेल अशी. बाळंतपणानंतर घेर कमी होतो, तेव्हा आत आत जाता येतं. कपात तेव्हा तळहात सरकेल एवढी मोकळीक हवी. दूध उतरल्यावर ती भरून जाते आणि आतला पॅडही मावतो. तारेची ब्रा पहिले काही आठवडे नकोच. तार कपाच्या खाली न बसता स्तनावर टेकली तर त्या जागी दाब पडतो आणि गाठ धरते. एका वेळी तीन घ्या, सहा नको. एक अंगावर, एक धुतलेली, एक वाळत. तीन महिन्यांनी माप पुन्हा बदलणार आहेच.

शिवणकाम, लेडीज टेलर

ब्लाउजचं मी सांगतो. बारशाचा ब्लाउज सातव्या महिन्याच्या मापाने शिवून ठेवतात आणि बाराव्या दिवशी तो बसत नाही. तेव्हा छाती सर्वांत भरलेली असते, शिवाय पाजण्याआधी आणि पाजल्यानंतर घेरात सहज अर्ध्या-एक इंचाचा फरक पडतो. म्हणून माप नेहमी पाजण्याआधीचं, भरलेल्या छातीचं घ्यायचं.

शिवताना दोन्ही कुशींना दीड-दीड इंच माया, म्हणजे शिवणीच्या आत जादा कापड, सोडा. बाहीलाही काखेकडून इंचभर, नाहीतर अंग सैल होतं आणि बाही दंडात रुतते. कटोरी ब्लाउज या काळात टाळा. कटोरी एकाच मापाला बसते, कुशी उसवून तिचा खोलगटपणा बदलत नाही. त्यापेक्षा साधा टक्सचा ब्लाउज बरा, टक्स उसवून पुन्हा घालता येतात. हुकपट्टी पुढेच हवी आणि खालचे दोन हुक सुटले की पाजता यावं, वरून सगळा ब्लाउज उघडायला लागू नये. अस्तर सुती. सिंथेटिक अस्तरात दुधाची ओल तशीच राहते आणि बोंड भिजून सोलवटतं. मागचा गळा फार खोल नको, खांदा उतरतो.

प्रसूती कक्षातली परिचारिका

वार (प्लॅसेंटा) पडली की दोन ते तीन दिवसांत दूध उतरतं. सिझेरियन असेल तर थोडं उशिरा. तिसऱ्या ते पाचव्या दिवशी छाती दगडासारखी होते, वर्तुळही ताठ होतं, बाळाच्या तोंडात काही धरताच येत नाही. ते नुसतं बोंड चघळतं आणि चिरा पडतात.

यावर करायचं काय ते सांगते. दोन्ही हातांची नखं काढा. बोटांची टोकं बोंडाच्या मुळाशी गोलाकार टेकवा आणि छातीच्या दिशेने, आत, हळू दाब द्या. साठ आकडे मोजा. बोटं थोडी फिरवून पुन्हा. सूज मागे सरकते, वर्तुळ कानाच्या पाळीसारखं मऊ होतं. लगेच बाळाला लावा. तोंड मोठं उघडलेलं, हनुवटी स्तनाला टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला आणि काळा भाग वरच्या बाजूला जास्त, खाली कमी दिसायला हवा. पाजून झाल्यावर बोंड बघा. गोल असेल तर ठीक. नव्या लिपस्टिकसारखं तिरकं चपटं निघालं तर बाळाने वरवर धरलं होतं.

बोंड आत ओढलेलं असेल तर सिरिंजची पद्धत आहे. दावणगेऱ्याच्या बालरोगतज्ज्ञांनी ती १९९३ साली प्रसिद्ध केली. १० मिलिची नवी सिरिंज घ्या, सुई नको. सुई बसवतो ते टोक पात्याने कापा. दट्ट्या काढून कापलेल्या बाजूने आत घाला, म्हणजे मूळची गुळगुळीत कड स्तनाकडे येते. कापलेली कड कधीही अंगाला लावायची नाही, कातडी चिरते. बोंडावर ठेवून दट्ट्या हलकेच ओढा, अर्धा ते एक मिनिट धरा. दुखलं तर ओढ कमी करा. काढताना आधी दट्ट्या किंचित आत ढकलून हवा सोडा. दर वेळी पाजण्याआधी. हे बाळंतपणानंतरच करायचं, गरोदरपणी बोंड ओढत बसू नका.

मालीश आणि शेक याबद्दल, पुन्हा समुपदेशक

वरच्या माहितीत एक भर, कारण इथे घराघरांत भांडण होतं. गाठ झाली की मालीशवाल्या बाई ती जोराने रगडून "फोडतात" आणि शेगडीचा शेक देतात. पूर्वी आम्हीही गरम शेक आणि मालीश सांगायचो. आता तसं सांगत नाही. आत दुधाचा खडा वगैरे नसतो, असते सूज. रगडल्याने बारीक नलिका दुखावतात, सूज वाढते. दूध काढायच्या मशीनने छाती "पूर्ण रिकामी" करत राहिलं तर दूध आणखी वाढतं आणि चक्र चालूच राहतं. थंड पट्टी, फ्रीजमधला टॉवेल, बाळ मागेल तेवढंच पाजणं, आणि डॉक्टरांना विचारून सूज उतरवणारी गोळी. लाल पट्टा, ताप आणि अंगात कणकण असेल तर चोवीस तासांच्या आत दाखवा. त्या बाजूने पाजणं बंद करायचं नाही, ते दूध बाळाला चालतं.

आणि तान्ह्या बाळाची छाती! आईच्या संप्रेरकांमुळे ती कधीकधी सुजते, मुलग्यांचीही. मालीश करताना ती पिळून "दूध काढतात". हे बिलकूल करू देऊ नका, पू होतो. न पिळता काही आठवड्यांत आपोआप उतरते.

स्तनविकार सर्जन

थोडक्यात. अंगावर पाजत असताना जाणवलेली प्रत्येक गाठ दुधाचीच असते असं नाही. पाजल्यावर बदलणारी, दोन-चार दिवसांत विरणारी गाठ सहसा दुधाची. दोन आठवड्यांनंतरही तशीच असेल तर सोनोग्राफी करा. पाजत असताना सोनोग्राफी होते, मॅमोग्राफीही होते, दूध तोडावं लागत नाही. तपासणीआधी पाजून या, चित्र स्पष्ट येतं. "दूध बंद झाल्यावर बघू" हे वाक्य मात्र महागात पडतं.

फिजिओथेरपिस्ट

स्तनात स्नायू नसतो. छातीच्या व्यायामाने स्तन "वर" जात नाहीत. मात्र बाळाकडे वाकून पाजणाऱ्यांचे खांदे पुढे येतात, आणि त्या पोकामुळे छाती आहे त्याहून ओघळलेली दिसते. मांडीवर दोन उशा घ्या आणि बाळ छातीकडे आणा, छाती बाळाकडे नेऊ नका.

पोट बांधण्याबद्दल : जुनी सुती साडी वीतभर रुंद घडी करून, कमरेच्या हाडापासून वर बांधायची. दोन बोटं आत सरकली पाहिजेत. झोपताना सोडा. करकचून बांधल्याने चरबी जात नाही, दाब खाली जातो. खोकताना लघवीचे थेंब येत असतील तर पट्टा तुमच्यासाठी नाही. पोटाचे स्नायू दुभंगलेत का ते बघायचं तर पाठीवर निजून गुडघे उभे करा, बेंबीच्या वर बोटं आडवी ठेवा, डोकं थोडं उचला. दोन बोटांपेक्षा जास्त फट लागली तर सिट-अप्स नकोत, आधी दाखवून घ्या.

आहारतज्ज्ञ

अळीव, मेथी, डिंकाचे लाडू खा, हरकत नाही. पण दूध वाढतं ते बाळ जितकं ओढेल तितकं. आयसीएमआरच्या २०२० च्या शिफारशीत पहिले सहा महिने रोजच्या खाण्यात ६०० कॅलरी जास्त सांगितल्या आहेत. तूप थापलेल्या तीन लाडवांत बऱ्याचशा संपतात आणि भाकरी-भाजी-डाळ बाजूला राहते. वजन वाढलं म्हणून उपाशी राहू नका, लाडू मोजा.

समुपदेशक, शेवटचा भाग

एक बाजू लहान, एक मोठी. बहुतेकींना असतं, पाजताना जास्त उठून दिसतं. कमी दुधाच्या बाजूने सुरुवात करा, फरक थोडा कमी होतो. दूध बंद झाल्यावर बराचसा भरून येतो.

दूध तोडताना एक वेळ कमी करा, तीन-चार दिवस थांबा, मग दुसरी. एकदम तोडू नका. तुटल्यानंतर छाती रिकाम्या पिशवीसारखी वाटते. दुधाच्या ग्रंथी आटतात आणि त्यांची जागा चरबीने भरायला काही महिने लागतात. आरशासमोरचे सगळे निकाल नेमके याच काळात लावले जातात, शस्त्रक्रियेची चौकशीही याच काळात होते. किमान सहा महिने थांबून मग माप घ्या. वर्तुळाचा रंग फिका होतो, पण सहसा पूर्ववत होत नाही. ताणाच्या रेषा लालसर-तपकिरी असतात त्या चंदेरी होतात. त्या क्रीमने टळत नाहीत, महागड्यानेही नाही.

नवरा-बायकोंसाठी : पाजण्याच्या काळात इस्ट्रोजेन कमी असतं, कोरडेपणा येतो, तो प्रेम आटल्याचा पुरावा नाही. पाण्यात विरघळणारी वंगणाची जेली वापरा. जवळिकीत पान्हा फुटतो, आधी पाजून घ्या आणि टॉवेल जवळ ठेवा. काहींना पान्हा फुटण्याच्या क्षणी अचानक खिन्न वाटतं आणि दोन-चार मिनिटांत निघून जातं. ती शरीराची क्रिया आहे, पण खिन्नता दिवसभर टिकत असेल तर डॉक्टरांशी बोला.

लेडीज टेलर

डागांचं राहिलं. दुधाचा डाग आधी गार पाण्यात, मग साबण. गरम पाण्यात टाकला की पक्का होतो. रेशमी ब्लाउज असेल तर डाग चोळू नका, उलट बाजूने गार पाणी सोडा. आणि माया कापून टाकू नका. दूध तुटल्यावर तोच ब्लाउज आत घ्यायचा असतो, पुढच्या वेळी पुन्हा सोडायला ती लागते.