दहा मिनिटांत आई पारखणाऱ्यांनो

सातवी_खिडकी:
काल इथेच वाचलं, "प्रशिक्षित माणसानं दहा मिनिटं आई-मुलाला खेळताना बघितलं की पालकत्वाचा दर्जा कळतो." खाली अंगठ्यांची रांग! तेव्हापासून डोकं सटकलंय. माझी ताई ओहायोत असते. भाऊजी पीएचडी करतायत, घर विद्यावेतनावर, म्हणून 'अर्ली हेड स्टार्ट'ची, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरांतल्या तान्ह्यांसाठीच्या तिथल्या सरकारी कार्यक्रमाची, बाई दर आठवड्याला दीड तास घरी यायची. एकदा तिनं "नेहमीसारखं खेळा" म्हणून कॅमेरा लावला. ताईच्या सासूबाई समोर सोफ्यावर. त्यांच्यादेखत ताई लेकाला "वा रे वा, शाब्बास" करणार? मुकाट्यानं ठोकळे पुढे सरकवत राहिली. 'पिकोलो' म्हणून आईचं वागणं टिपायची त्यांची यादी असते, तिच्यात 'शिकवणे' या गटात शून्यांची माळ. आंघोळ घालताना तीच तांब्यागणिक आकडे म्हणते, ते कोण बघणार? आई-मुलाच्या नात्याचा अभ्यास करणाऱ्या मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थनं अमेरिकेत बाल्टिमोरमध्ये २६ घरं बघितली ती दर तीन आठवड्यांनी, चार-चार तास, वर्षभर. आणि तुमचा निकाल दहा मिनिटांत!

मिशिगनची_वऱ्हाडी:
मीही तसलीच घरोघरी जाणारी 'बाई'. निकाल कोण लावतंय? पिकोलोत २९ वर्तनं आहेत: माया, प्रतिसाद, प्रोत्साहन आणि शिकवणं अशा चार गटांत. दिसलं नाही तर ०, जेमतेम दिसलं तर १, ठळक दिसलं तर २. चुका मोजायचा रकानाच नाही. मग तीच चित्रफीत आईबरोबर बसून बघायची: "हे बघा, त्यानं मान फिरवली तेव्हा तुम्ही थांबलात." हा कागद नसला की काय होतं सांगू? जिचं घर आवरलेलं, जिनं कॉफी विचारली, ती चांगली आई. डोळ्यांनी बघितलंय मी. ताईंच्या हातात नुसते गुण ठेवले असतील तर ती त्या बाईची चूक, पट्टीची नाही.

खवचट_काका:
पट्टीची चूक मी दाखवतो. पिकोलोच्या कितीतरी आधीची ती कॉल्डवेल-ब्रॅडली या संशोधकांची, घरातलं वातावरण जोखायची 'होम' यादी बघा. तीन वर्षांखालच्या मुलांसाठी ४५ हो-नाही मुद्दे. त्यातला एक: घरात पाळीव प्राणी आहे. आमच्या सोसायटीत कुत्र्यावरून दोन वर्षं भांडणं चालू आहेत. सेक्रेटरीच्या हट्टापायी सगळ्या आयांचा एकेक गुण गेला म्हणायचा.

मिशिगनची_वऱ्हाडी:
काका, त्याच यादीत महिन्यातून एकदा तरी नातेवाइकांकडे जाणं-येणं हाही मुद्दा आहे. तिथे तुमची भरपाई होईल.

मुख्यसेविका_बोलतेय:
आईकडे बघायला दीड तास? हेवा वाटतो हो. आमच्या अंगणवाडीच्या ताया वजन घेतात, उंची घेतात, मोबाइलवरच्या पोषण ट्रॅकरमध्ये भरतात. टीएचआर, म्हणजे घरी न्यायचा आहार, देताना ॲपमध्ये चेहरा जुळला नाही की नेटवर्क शोधत ओट्यावर उभ्या. आशाताईंच्या भेटी ३, ६, ९, १२, १५ व्या महिन्याला बांधलेल्या. २०२४ मध्ये 'नवचेतना' हा सरकारी आराखडा आला, तीन वर्षांखालच्यांशी बोला, खेळा म्हणून. चांगलंच आहे. पण घरात पाऊल टाकावं तर पोर मोबाइलवर कार्टून बघत जेवतंय. ते कुठल्या रकान्यात भरू?

चिऊकाऊ:
आला एकदाचा मोबाइल! माझी लेक मोबाइलशिवाय तोंड उघडत नाही. मला ८:१२ गाठायची असते. द्या शून्य.

जुनी_खोड:
लोकल आम्हीही गाठली. गॅलरीत उभं राहून चिऊचा घास, काऊचा घास करत भरवलं. जेवता जेवता पोरं बोलायला शिकली. आजच्या आयांना पेशन्स नाही, एवढंच.

चिऊकाऊ:
भरवायला घरी तुमच्या सासूबाई होत्या, असं मागे तुम्हीच लिहिलंत. कावळाही त्यांनीच दाखवला असणार.

जुनी_खोड:
वैयक्तिक व्हायचं कारण नाही. आणि हो, त्याच भरवायच्या. मग? घरातलंच माणूस होतं, मोबाइल नव्हता.

चिऊकाऊ:
तेच म्हणतेय! माझ्याकडे ते माणूस नाही. तुम्ही येता का रोज साडेसातला, घाटकोपरला?

खवचट_काका:
कावळा पाळीव प्राण्यांत धरतात का?

सातवी_खिडकी:
हसा. २०११ मध्ये नॉर्वेत, स्टॅव्हँगरला, एका भारतीय जोडप्याची दोन मुलं सरकारनं नेली. हातानं भरवतात, जवळ घेऊन झोपतात, यावर आक्षेप होता असं पालकांचं म्हणणं. तिथेही सुरुवात घरी येऊन बघणाऱ्यांपासूनच झाली ना?

मिशिगनची_वऱ्हाडी:
तिथल्या बालसंरक्षण खात्यानं संस्कृतीचं कारण नाकारलं होतं, तेही लिहा. ते बालसंरक्षण, आमचा मदतीचा कार्यक्रम. तुम्ही दोन्हीची भेळ करता आणि मग बायका आम्हाला दार उघडत नाहीत.

सातवी_खिडकी:
मारहाणीचा संशय आला तर तुम्हालाही बालसंरक्षणवाल्यांना कळवावंच लागतं. बरोबर?

मिशिगनची_वऱ्हाडी:
बरोबर. आणि ते मी पहिल्याच भेटीत सांगते.

सातवी_खिडकी:
ठीक, तुम्ही सांगता. उपकार. आता पिकोलोचं बोला. ती बेतताना बघितली दोन हजारांवर कुटुंबं, साडेचार हजार निरीक्षणं, पण घरं गोरी, कृष्णवर्णीय आणि लॅटिनो. सासूबाई सोफ्यावर असलेली आमची ताई त्यात कुठे बसते?

मिशिगनची_वऱ्हाडी:
नाही बसत. आशियाई घरांचा त्यात वेगळा गट नाही, मान्य. म्हणून आजी खोलीत असली की मी शेऱ्यात तसं लिहिते, आणि जमलं तर पुढच्या वेळी जेवणाच्या वेळेला जाते. शेऱ्याला गुण नसतात, हेही मान्य. झालं समाधान?