मदत हवी आहे: कॉर्नियावरच्या भोवऱ्याचा फोटो नीट येण्यासाठी

नमस्कार मंडळी. खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या नेत्रशिबिरांत कॉर्नियावर (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावर) भोवऱ्यासारख्या रेषा दिसल्या, तर त्या स्लिट लॅम्पला (डोळे तपासायच्या सूक्ष्मदर्शकाला) मोबाइल लावून टिपायच्या आणि बेळगावला किंवा कोल्हापूरला तज्ज्ञांकडे पाठवायच्या, असं ठरवलंय. वरच्या थराच्या पेशी कडेकडून मध्याकडे वळत सरकतात, त्यामुळे भोवरा बहुधा मध्याच्या किंचित खाली असतो. तिथं फोकस धरूनही फोटो पांढुरका येतो.

सध्याची पद्धत: फ्लुरेसिनच्या (चमकणाऱ्या रंगाच्या) पट्टीवर सलाईनचा एक थेंब, जास्तीचा झटकायचा, खालच्या पापणीच्या आत टेकवायची, एक-दोन मिनिटं थांबून कोबाल्ट निळा प्रकाश. रंग जास्त झाला की अश्रूच चमकतात आणि रेषा बुडतात. पिवळा फिल्टर मोबाइलच्या कॅमेऱ्यापुढे धरावा की आयपीसवर बसवावा? एक्स्पोजर किती कमी करता?

अमिओडॅरोनच्या (हृदयाच्या ठोक्यांच्या गोळीच्या) सोनेरी-तपकिरी रेषा रंग घेत नाहीत, त्या साध्या प्रकाशातच दिसतात. म्हणून रंग घालण्याआधीचा फोटो सक्तीचा ठेवलाय. त्यासाठी मागून परावर्तित प्रकाश बरा, की रुंद तिरपी पट्टी?

आणखी एक. हृदयाच्या ठोक्यांची किंवा क्लोरोक्विन गटातली गोळी चालू नसताना दोन्ही डोळ्यांत भोवरा दिसला, तर फॅब्री आजाराची (एका एन्झाइमच्या कमतरतेच्या आनुवंशिक आजाराची) शंका घ्यावीच लागते. बायकांमध्ये या एन्झाइमची पातळी नॉर्मल येऊ शकते, त्यामुळे जनुक तपासणी हवी. त्याचा नमुना बेळगावातून कसा पाठवतात? कृपया नक्की सांगा.