कास्ट आयर्न बुलेट घाटात तापते: ऑक्सिजन सेन्सरचं ऐकू की तापमानाचं?

वारजेकर
वडिलांची कास्ट आयर्न ३५० आहे, सीबी पॉइंटवाली (ठिणगी यांत्रिक पॉइंटने पाडणारी). २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल यायला लागल्यापासून कात्रजच्या जुन्या घाटात तापते आणि वरच्या वळणांवर टकटक आवाज येतो. बेंड पाइपला (हेडमधून निघणारा धुराचा पाइप) सेन्सरसाठी आट्यांचा बंग वेल्ड करून वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर बसवला, हेडचं तापमान बघायला प्लगखाली वॉशरसारखं थर्मोकपल घातलं. कार्बोरेटरमधलं नीडल-जेट (पेट्रोल मोजून सोडणारे भाग) बदलून सेन्सरचा मीटर १४.७ वर आणलाय, म्हणजे वजनाने एक भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा. सपाटीला गाडी सुरेख चालते. घाटात मीटर तिथेच असतो, तापमान मात्र चढतच जातं. मेन जेट मोठा करू का?

जुना_फिटर
मेन जेटला इतक्यात हात लावू नका. आधी हे बघा, घाट चढताना तुमची अॅक्सिलरेटरची मूठ किती उघडी असते? मुठीवर आणि हाउसिंगवर टेपने पाव, अर्धा, पाऊण अशा खुणा करा. मेन जेटचं राज्य पाऊण मुठीच्या पुढे. घाटाखालच्या भिलारेवाडीपासून वर जाताना बहुतेक वेळ तुम्ही अर्ध्यावर असाल, तर ते काम नीडलचं. क्लिप एक खाच खाली घ्या, म्हणजे नीडल वर येईल आणि पेट्रोल वाढेल.

आता १४.७ बद्दल. सेन्सर मुळात लॅम्डा मोजतो: हवा हवी तितकीच असली तर एक, पेट्रोल जास्त झालं तर एकच्या खाली. मीटर त्याला १४.७ ने गुणून दाखवतो, टाकीत कुठलं पेट्रोल आहे हे त्याला कळत नाही. २० टक्के इथेनॉलला खरं प्रमाण साडेतेराच्या आसपास लागतं. म्हणजे शुद्ध पेट्रोलसाठी लावलेल्या जुन्या जेटवर गाडी सुमारे आठ टक्के लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) झाली, आणि तुमची टकटक तिथूनच सुरू झाली असणार. मीटर लॅम्डावर ठेवा, गोंधळ संपेल. सपाटीला एकच्या जवळ चालेल, पण लोड आला की ०.८६ ते ०.८८ हवा, तुमच्या मीटरवर साधारण १२.८. चढावर १४.७ म्हणजे हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाला उपाशी ठेवून ओझं वाहायला लावणं. जादा पेट्रोल आतली उष्णता ओढून घेतं, त्याची तिथे गरज असते.

तापमानाचा आकडा दुसऱ्याच्या गाडीशी ताडू नका, वॉशर कसा बसलाय त्यावर तो बदलतो. तोच घाट, तोच गिअर, सकाळची तीच वेळ धरा आणि फक्त फरक बघा. लॅम्डा जागेवर आला तरी हेड तापतच राहिलं, तर कार्ब सोडून टायमिंगकडे, म्हणजे ठिणगी कधी पडते तिकडे, वळा. अॅडव्हान्स जास्त असला, ठिणगी फार लवकर पडली, की असंच होतं.

कोथरूडचा_रायडर
बेंड पाइप आणि हेडचा जोड आधी तपासा. तिथून बाहेरची हवा आत ओढली गेली की सेन्सर खोटं लीन दाखवतो. मिसफायर झालं तरी तसंच, न जळलेला ऑक्सिजन पुढे येतो. आणि सेन्सर वरच्या अंगाला, घड्याळाच्या दहा ते दोनच्या काट्यात बसवलाय ना? खाली असेल तर पाणी साचून मरतो. हीटर बंद ठेवून पाइपात सोडू नका, काजळी धरते.

भोसरी_आरएक्स
काका, माझ्या आरएक्स १०० ला हाच सेन्सर चालेल?

जुना_फिटर
तुमची आरएक्स टू-स्ट्रोक; तिला सेन्सरच्या भरवशावर जेट ठरवू नका. ताजं मिश्रण आत आणणारा ट्रान्सफर आणि धूर बाहेर सोडणारा एक्झॉस्ट पोर्ट एकाच वेळी उघडे असतात, ताजी हवा न जळता थेट बाहेर जाते, सेन्सर फसतो. वर ऑइलचा थर बसतो तो वेगळाच. तुम्ही बेंडमध्ये एक्झॉस्ट तापमानाचं थर्मोकपल लावा, पण लक्षात ठेवा, ते तापमान रिच (पेट्रोल जास्त) बाजूलाही उतरतं आणि फार लीन झालं तरी उतरतं. म्हणून नेहमी मोठ्या जेटपासून सुरुवात करा, पुण्याच्या नाना पेठेतल्या पार्ट्सच्या दुकानांतून दोन-तीन नंबर एकदम आणून ठेवा, आणि एकेक खाली या. प्रत्येक जेटनंतर पूर्ण मुठीवर पळवा, क्लच दाबून इंजिन बंद करा आणि प्लग काढून बघा. फिक्का पडायला लागला की तिथेच थांबा, एक नंबर परत वर. लीन बाजूने शोधायला गेलात तर पिस्टन सीझ होईल.

वारजेकर
क्लिप उद्या सकाळी बदलतो. हेडच्या जोडाला काजळी दिसतेय, नवीन गॅस्केट घालूनच मग घाटात नेतो. आकडे इथेच टाकेन.