टर्बो पेट्रोलचा ऑईल रिपोर्ट: तांबं १२, सिलिकॉन २४, पेट्रोल ४.४ टक्के. टर्बो उघडायचा का?

सह्याद्री_ड्राइव्ह

नमस्कार मंडळी. गाडी १ लिटर तीन सिलिंडर टर्बो पेट्रोल, डायरेक्ट इंजेक्शन (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं). एकूण २८,००० किमी, या ऑईलवर ९,६०० किमी. ऑईल ५डब्ल्यू-३०, मधे टॉप-अप नाही. रोज ६-७ किमी ऑफिस, पुण्यातल्या सिग्नलांतून. वापरलेल्या ऑईलच्या लॅब तपासणीचे आकडे (धातू पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाखांत किती भाग):

लोखंड ३३, अ‍ॅल्युमिनियम ८, तांबं १२, शिसं १, कथील १, क्रोमियम १
सिलिकॉन २४, सोडियम ५, पोटॅशियम १५
व्हिस्कॉसिटी (ऑईलचा दाटपणा) १०० अंशाला ८.९ सेंटीस्टोक (डेटाशीटवर १२.०)
फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला ऑईलची वाफ पेट घेते) १७६ अंश (डेटाशीटवर २२८), पेट्रोल ४.४ टक्के
टीबीएन (आम्ल मारण्याची ऑईलची उरलेली ताकद) ३.६, टॅन (ऑईलमधलं आम्ल) २.४

रिपोर्टमध्ये तांबं आणि सिलिकॉन पिवळ्या रंगात, पेट्रोल लाल. गॅरेजवाले म्हणतात टर्बोचं बेअरिंग चाललंय, खोलून बघू. पोटॅशियम कूलंटमधूनही येऊ शकतं, म्हणून हेड गॅस्केटचाही संशय आहे. सुरुवात कुठून करू?

स्पॅनर_तेरा

टर्बोला सध्या हात लावू नका. या रिपोर्टमध्ये काळजीचा आकडा एकच आहे: पेट्रोल.

५डब्ल्यू-३० ऑईल १०० अंशाला किमान ९.३ सेंटीस्टोक असावं लागतं. तुमचं ८.९, म्हणजे इंजिनात आता २० ग्रेडचं ऑईल फिरतंय. व्हिस्कॉसिटी दोन कारणांनी उतरते: पेट्रोल मिसळलं किंवा ऑईलमधलं पॉलिमर तुटलं. पॉलिमर तुटलं तर फ्लॅश पॉइंट जागच्या जागी राहतो. तुमचा ५० अंशांहून जास्त खाली आलाय, तेव्हा दोष पेट्रोलचाच. २ टक्क्यांपर्यंत डायरेक्ट इंजेक्शनमध्ये चालून जातं, ४ च्या वर कारण शोधायलाच हवं. छोट्या टर्बोचा शाफ्ट मिनिटाला दोन लाख फेऱ्यांच्या आसपास जातो आणि तो ऑईलच्या पातळ थरावरच तरंगतो. टर्बो वाचवायचा असेल तर आधी हे पेट्रोल थांबवा.

६-७ किमीत कूलंट गरम होतं, ऑईल होत नाही. थंड सिलिंडरच्या भिंतीवर बसलेलं पेट्रोल रिंगांवरून खाली उतरतं आणि ऑईल ९० अंशांवर बराच वेळ राहिल्याशिवाय उडून जात नाही. पण सगळं ट्रॅफिकवर ढकलू नका. ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचणारं यंत्र) लावून तीन गोष्टी बघा. एक, कूलंट ८५-९० अंशांना पोचून तिथेच टिकतं का. हायवेला ७०-७५ वर उतरत असेल तर थर्मोस्टॅट उघडा अडकलाय. दोन, गरम इंजिन आयडलला असताना लाँग टर्म फ्युएल ट्रिम (कॉम्प्युटरने पेट्रोलच्या मात्रेत केलेली कायमची वाढ-घट) बराच उणे आहे का. ऑईलमधून निघणारी पेट्रोलची वाफ पीसीव्हीतून (क्रँककेसमधली वाफ परत आत ओढणाऱ्या व्हॉल्व्हमधून) परत इंजिनात जाते, म्हणून ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) पेट्रोल कापतो. तीन, इंजिन बंद केल्यावर फ्युएल रेलचं प्रेशर झपाट्याने पडतं का. पडत असेल तर गळका इंजेक्टर किंवा हाय प्रेशर पंप तपासायला लावा. हा पंप कॅमशाफ्टवर चालतो, त्याचं सील गेलं की पेट्रोल थेट ऑईलमध्ये येतं. डिपस्टिकवर पातळी वाढत असेल तर ही शंका बळावते.

लोखंड १,००० किमीला साडेतीन पीपीएम पडतं. शहरातल्या गाडीला ठीक आहे.

धूळफिल्टर

सिलिकॉनबद्दल. रस्त्याच्या धुळीत सिलिकॉनबरोबर अ‍ॅल्युमिनियमही असतं. धूळ खरंच आत जात असेल तर सिलिकॉन, अ‍ॅल्युमिनियम, लोखंड, क्रोमियम सगळे मिळून वर येतात. इथे क्रोमियम १ आहे, म्हणजे रिंगा घासत नाहीयेत. गॅस्केटचा सिलिकॉन सीलंट आणि ऑईलमधलं फेस रोखणारं अ‍ॅडिटिव्ह, दोन्हींतून सिलिकॉन येतो. तरी सक्शनची बाजू बघून घ्या: फिल्टर बॉक्सपासून टर्बोच्या तोंडापर्यंतचा पाइप. तिथे हवा आत ओढली जाते, त्यामुळे सैल क्लॅम्पमधून धूळ थेट आत. टर्बोनंतरच्या होजला चीर असेल तर बूस्टमध्ये (टर्बो हवा दाबत असताना) हवा बाहेर फेकली जाते, तिथून धूळ फारशी येत नाही. फिल्टरच्या पुढच्या स्वच्छ बाजूला पांढरं फडकं आतून फिरवा. राखाडी डाग आला तर फिल्टरचं सील बसलेलं नाही. मग कंप्रेसर व्हीलच्या पात्यांची कडा टॉर्च मारून बघा, धुळीने ती आधी झिजते.

पोटॅशियमचं खरं उत्तर बहुतेक इंटरकूलरमध्ये (टर्बोने दाबलेली हवा थंड करणारा रेडिएटर) आहे. अ‍ॅल्युमिनियमचे इंटरकूलर जोडताना पोटॅशियम आणि अ‍ॅल्युमिनियम असलेला फ्लक्स (जोडकामाला मदत करणारं रसायन) वापरतात. तो आतून हळूहळू सुटतो, हवेबरोबर सिलिंडरमध्ये आणि तिथून ऑईलमध्ये येतो. दर ऑईल बदलाला आकडा उतरत जातो. मात्र बऱ्याच नव्या कूलंटमध्येही पोटॅशियम असतं, कूलंटची दुसरी खूण असलेलं सोडियम कमी आहे एवढ्यावर निर्धास्त होऊ नका. इंजिन थंड असताना कूलंटच्या टाकीवर मार्करने रेघ मारा, १,००० किमीनंतर पुन्हा थंड इंजिनवर बघा. पातळी उतरली तरच कूलिंग सिस्टीमची प्रेशर टेस्ट. आणि ग्लायकॉल टेस्ट निगेटिव्ह आली म्हणून गॅस्केट निर्दोष ठरत नाही, कारण गरम ऑईलमध्ये ग्लायकॉल विघटित होऊन जातं.

सह्याद्री_ड्राइव्ह

धन्यवाद दोघांना. मग तांबं १२ कशाचं? आणि पुढच्या वेळी ५डब्ल्यू-४० घातलं तर?

लॅबवाली_ताई

१२ पीपीएम तांबं, शिसं-कथील १-१, यावरून बेअरिंगचं निदान करता येत नाही. ऑईल कूलरच्या तांब्याच्या जोडांतून सुरुवातीच्या काळात एवढं तांबं सहज येतं. मात्र उलटंही लक्षात ठेवा: आजकालची बरीच मेन बेअरिंगं शिसं न वापरता बनतात, तेव्हा शिसं कमी दिसलं म्हणून बेअरिंग शाबूत, असंही नाही. टर्बोचं बेअरिंग पितळी असेल तर त्यातलं जस्त ऑईलमधल्या अ‍ॅडिटिव्हच्या शेकडो पीपीएम जस्तात हरवून जातं.

शिवाय लॅबमध्ये धातू मोजणाऱ्या मशीनला ५ ते ८ मायक्रॉनपेक्षा मोठे कण नीट दिसत नाहीत. बेअरिंग खरंच तुटायला लागलं की मोठे तुकडे पडतात आणि ते फिल्टरमध्ये जाऊन बसतात. म्हणून पुढच्या सर्व्हिसला जुना फिल्टर कापा, कागदाच्या घड्या पिळून पांढऱ्या ट्रेमध्ये पसरा. सोनेरी चकचकीत कण दिसले तर टर्बो खोलण्याला अर्थ आहे. सोबत टर्बोच्या शाफ्टचा खेळ (तो किती हलतो ते) मोजून घ्या.

टीबीएन ३.६ बघून घाबरू नका, पण रिपोर्टवर टेस्ट पद्धत कोणती ते वाचा. डेटाशीटवर सहसा डी २८९६ या टेस्ट पद्धतीचा आकडा असतो, वापरलेल्या ऑईलला डी ४७३९ लावतात आणि तो कमी येतो. दोन्हींची वजाबाकी करू नका. टॅन अजून टीबीएनच्या खाली आहे.

५डब्ल्यू-४० मॅन्युअलमध्ये असेल तरच. पेट्रोल येत राहिलं तर तेही पातळ होणारच. हे ऑईल आत्ताच काढा, पुढचं ५,००० किमीला बदला. नमुना घेताना इंजिन गरम हवं, पहिली धार सोडून मधल्या धारेतून १०० मिली. नमुन्याआधी हायवे मारून आलात तर पेट्रोल उडून आकडा खोटा चांगला दिसेल, म्हणून रोजच्या ऑफिसच्या फेरीनंतरच घ्या. त्याच कॅनमधलं नवीन ऑईलही ५० मिली वेगळ्या बाटलीत पाठवा. सिलिकॉन मुळातच किती आहे ते त्यावरूनच कळेल.