एआयएसच्या सीएसव्हीवरून भर समुद्रातली तेलाची अदलाबदल कशी ओळखायची?

नकाशावेडा
ग्रीसच्या लॅकोनियन आखाताचा (साधारण ३६.५ उत्तर, २२.८ पूर्व) महिनाभराचा एआयएस (जहाजं आपलं स्थान-वेग रेडिओवरून आपोआप कळवतात ती यंत्रणा) डेटा सीएसव्हीत, म्हणजे साध्या मजकुराच्या तक्त्यात आहे. युक्रेन युद्ध सुरू झाल्यावर रशियन तेल एका टँकरमधून दुसऱ्यात चढवायची ही ठरलेली जागा झाली, म्हणून निवडली. जिओजेसन (नकाशाच्या माहितीची फाइल) बनवली तर सगळे ठिपके तांबड्या समुद्रात पडतात आणि क्यूजीआयएस हे नकाशाचं सॉफ्टवेअर गोठतं. एकमेकांपासून ०.००४५ अंशांच्या (साधारण ५०० मीटरच्या) आतल्या जहाजांच्या जोड्या काढल्या तर हजारो निघतात. चुकतंय कुठे?

खलाशी_३४
तांबडा समुद्र म्हणजे अक्षांश-रेखांशांची अदलाबदल. जिओजेसनमध्ये (तिचं प्रमाणक आरएफसी ७९४६) आधी रेखांश, मग अक्षांश. गंमत अशी की उलटूनही तुमची जहाजं पाण्यातच राहिली. वाळवंटात चढली असती तर निदान पटकन लक्षात आलं असतं.

जिओजेसन देवाणघेवाणीसाठी आहे. तिच्यात स्पेशियल इंडेक्स (जागेवरून ठिपके झटपट शोधायची सूची) नसतो, त्यामुळे लाखो ठिपके तिच्यात कोंबू नका. काम जिओपॅकेज फाइलमध्ये किंवा पोस्टजीआयएस या डेटाबेसमध्ये करा आणि शेवटी उरलेल्या जोड्याच जिओजेसनमध्ये द्या. शेपफाइल (नकाशाच्या फाइलचा जुना प्रकार) तर नकोच: तिच्या तारखेच्या रकान्यात वेळ मावत नाही. आणि सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडून सेव्ह केली असेल तर १०,४८,५७६ ओळींपुढचं सगळं गेलं असं समजा.

अंतर अंशांत मोजू नका. तिथे १ अंश अक्षांश १११ किमी, पण १ अंश रेखांश जेमतेम ८९.५ किमी. स्थानं ईपीएसजी ३२६३४ (यूटीएम ३४ उत्तर) या मीटरमधल्या निर्देशांक पद्धतीत बदला, मग मीटरमध्ये मोजा.

दीपस्तंभ
हजारो जोड्या निघतात कारण वेळ जुळवलेलीच नाही. सोमवारचं जहाज गुरुवारच्या जहाजाला चिकटतंय. क्लास ए (मोठ्या जहाजांवरचं एआयएस) जहाज चालताना २ ते १० सेकंदांनी संदेश पाठवतं, नांगरावर ३ मिनिटांनी. म्हणून यूटीसीवर १० मिनिटांचे कप्पे पाडा, दर कप्प्यात प्रत्येक जहाजाचं एकच स्थान ठेवा आणि जोडणी कप्प्यावर करा.

त्याआधी सफाई. अक्षांश ९१, रेखांश १८१, वेग १०२.३, हेडिंग (नाकाची दिशा) ५११ ही मापं नव्हेत, 'माहिती नाही' या अर्थाचे आकडे आहेत. सरासरीत शिरले की वाट लागते.

सुरुवातीला ग्लोबल फिशिंग वॉच या जहाजांवर नजर ठेवणाऱ्या संस्थेचा निकष पुरे: ५०० मीटरच्या आत, किमान २ तास, मध्यक वेग २ नॉटहून कमी. तो १०० मीटरवर आणायचा मोह टाळा. नोंदलेलं स्थान अँटेनाचं असतं, आणि २५० मीटर लांबीच्या दोन टँकरांचे अँटेना शेजारी बांधूनही बरेच दूर असू शकतात. नुसत्या नांगरलेल्या शेजाऱ्यांमधलं अंतर वाऱ्याबरोबर बदलत राहतं, एकत्र बांधलेल्यांचं जवळपास स्थिर राहतं. माझ्या मते हीच सगळ्यात उपयोगी चाळणी.

नकाशावेडा
टग आणि इंधन देणाऱ्या बोटी कशा गाळायच्या? आणि मध्येच एआयएस बंद होतं, त्याचं काय?

खलाशी_३४
प्रकार, लांबी, आयएमओ क्रमांक (जहाजाचा कायमचा क्रमांक) हे सगळं एआयएसच्या संदेश ५ मध्ये असतं. स्थानाच्या संदेशात नसतं. दोन्ही संदेश एमएमएसआयवरून (जहाजाच्या रेडिओचा क्रमांक) जोडा, पण तो झेंडा बदलला की बदलतो, म्हणून जहाजाची ओळख आयएमओवरच ठेवा. प्रकार ८० ते ८९ म्हणजे टँकर. इंधनाच्या बोटीही त्यातच येतात, त्या लांबीवरून वेगळ्या करा. ड्राफ्ट (जहाज पाण्यात किती खोल बुडालंय ते) एकाचा वाढला, दुसऱ्याचा घटला तर जोडी पक्की होत जाते. मात्र तो आकडा हाताने भरतात, कधी कधी दिवसेंदिवस कोणी बदलतच नाही.

खंड पडला म्हणजे लपवाछपवीच असं नाही. गर्दीच्या पाण्यात उपग्रहाकडे संदेश एकमेकांवर आदळून हरवतात. त्या वेळेचं सेंटिनेल-१ या युरोपीय उपग्रहाचं रडार चित्र मिळालं तर ते फुकट आहे, ढगांतूनही दिसतं. शेजारी बांधलेले दोन टँकर त्यात एकाच जाड ठिपक्यासारखे दिसतात.