श्रीलंकेतून शांतिसेना 1990मध्ये परत आणली, ती घोडचूकच होती

घाटवाट

ऑगस्ट 2021मध्ये अमेरिकेने काबूल सोडलं तेव्हा आपल्याकडे लोक मिटक्या मारत चर्चा करत होते. वीस वर्षं राहून काय कमावलं, शेपूट घालून पळाले वगैरे. आपणही एकदा परक्या मुलखात फौज नेली होती आणि काम अर्धवट टाकून परत आणली होती, हे फारसं कुणाला आठवलं नाही. 24 मार्च 1990 रोजी त्रिंकोमालीहून शांतिसेनेची शेवटची तुकडी निघाली. फौज पाठवायला हवी होती का, यावर वाद घाला हवा तर. पण त्या वेळी ती परत आणणं ही घोडचूक होती, असं माझं मत आहे.

ज्यांना संदर्भ नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जुलै 1987मध्ये राजीव गांधी आणि श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांच्यात कोलंबोत करार झाला. वेगळ्या राष्ट्रासाठी लढणाऱ्या तिथल्या तमिळ संघटनांनी शस्त्रं खाली ठेवायची, श्रीलंका सरकारने उत्तर आणि पूर्व प्रांत जोडून त्यांना अधिकार द्यायचे, आणि मध्ये आपली फौज. त्यातल्या प्रभाकरनच्या एलटीटीईने नावापुरती शस्त्रं दिली, बाकीची दडवली. ऑक्टोबरात आपलीच त्यांच्याशी जुंपली. जाफना घेतलं, प्रभाकरन वन्नीच्या जंगलात शिरला. नोव्हेंबर 1988मध्ये प्रांतिक निवडणुका झाल्या, आपल्या बाजूच्या ईपीआरएलएफ या तमिळ संघटनेचे वरदराज पेरुमल मुख्यमंत्री झाले. जरा कुठे घडी बसतेय म्हणेपर्यंत आपण गाशा गुंडाळला.

पुढे काय झालं बघा. जून 1990मध्ये एलटीटीईने पूर्वेकडची पोलीस ठाणी घेतली आणि शरण आलेल्या शेकडो पोलिसांना गोळ्या घातल्या. ऑक्टोबरात उत्तरेतल्या झाडून सगळ्या मुसलमानांना हाकललं, 70 हजारांहून जास्त माणसं. जाफना शहरात तर दोन तासांची मुदत होती. 21 मे 1991ला श्रीपेरुंबुदूरला राजीव गांधींची हत्या. युद्ध संपलं ते थेट 2009मध्ये. आणखी दोन वर्षं थांबलो असतो तर यातलं किती टळलं असतं?

कडूनिंब

थांबलो असतो म्हणजे कुणाच्या परवानगीने?

जयवर्धनेंनंतरचे राष्ट्राध्यक्ष प्रेमदासा शांतिसेनेला घालवून देईन असं सांगूनच निवडून आले होते. 1 जून 1989ला त्यांनी जाहीर केलं की 29 जुलैच्या आत निघा. आपण तिथे गेलो ते राष्ट्राध्यक्षांच्या बोलावण्यावरून. बोलावणाराच जा म्हणाल्यावर तुम्ही तिथे बसून राहिलात तर शांतिसेना कसले, तुम्ही कब्जेदार. वर दक्षिणेत जेव्हीपी ही सिंहली डावी संघटना भारतीय माल विकणाऱ्यांना धमकावत होती. आपण जितके दिवस राहणार तितकं त्यांचंच फावणार.

आणि घडी कसली बसत होती? उत्तर प्रांतात त्या निवडणुकीत एकाही जागेवर मतदान झालं नाही. सगळेच्या सगळे बिनविरोध! एलटीटीईचा बहिष्कार आणि दहशत, बाकी पक्ष घाबरून घरात. याला तुम्ही लोकनियुक्त सरकार म्हणता?

बांगलादेश आठवा. डिसेंबर 1971ला ढाका घेतलं, मुजीबनी विषय काढला आणि मार्च 1972मध्ये फौज परतही आली. त्याला कुणी घोडचूक म्हणत नाही.

फौजीचा भाचा

माझे मामा महार रेजिमेंटमधले, तिकडे जाऊन आलेले. ते फार बोलायचे नाहीत, पण एक गोष्ट नेहमी सांगायचे. डांबरी रस्त्यावरून गाडी न्यायची म्हणजे जिवाशी खेळ. मोऱ्यांखाली पिंपं भरून स्फोटकं पुरलेली असायची, वायर लांब शेतात गेलेली. म्हणून हे लोक बांधाबांधाने चालत जायचे. हातात जुनी एसएलआर रायफल, समोरच्या पोराकडे एके-47. गावात शिरलं की तमिळ बोलणारा एखादाच, त्याने जे सांगितलं ते खरं मानायचं.

त्याच रेजिमेंटच्या 8 महारचे मेजर परमेश्वरन 25 नोव्हेंबर 1987ला गेले. मुंबईत जन्मलेला माणूस. छातीत गोळी लागलेली असताना समोरच्याची रायफल हिसकावून त्याला टिपला. परमवीर चक्र मिळालं. किती जणांना ठाऊक आहे? आपले 1,200च्या आसपास गेले. परत आले तेव्हा मद्रासला स्वागताला खुद्द मुख्यमंत्री करुणानिधी फिरकले नाहीत.

घाटवाट, 'आणखी दोन वर्षं' हे लिहायला सोपं आहे. ती वर्षं कुणी काढायची होती? मामांचं म्हणणं एकच असायचं, परत यायला उशीरच झाला.

घाटवाट

@फौजीचा भाचा, मामांना मनापासून नमस्कार. त्यांच्या लढण्यावर माझं बोट नाहीच, बोट आहे दिल्लीवर. आधी राजीव सरकारने लढा म्हटलं, पण कशासाठी ते नीट सांगितलं नाही. मग डिसेंबर 1989ला व्ही. पी. सिंग आले आणि आधीच्यांचं ओझं झटकायची घाई झाली. पुण्याच्या सदर्न कमांडकडे या मोहिमेची सूत्रं होती. तिथल्या अधिकाऱ्यांनी हे धोरण ठरवलं नव्हतं.

@कडूनिंब, प्रेमदासांना कुणी सज्जन म्हणू नये. आपल्याला घालवण्यासाठी त्यांनी एलटीटीईलाच शस्त्रं पुरवली. त्याच एलटीटीईने 1 मे 1993ला त्यांना बॉम्बने उडवलं. अशा माणसाच्या तारखा आपण शब्दशः पाळायच्या?

कडूनिंब

शब्दशः कुठे पाळल्या? 29 जुलै 1989 म्हणाले होते, आपण निघालो पुढच्या मार्चात. वाटाघाटी करून आठ महिने घेतलेच की. इनो घ्या. (हलकेच घ्या.)

मायलापूरकर

मी लग्नानंतर चेन्नईत स्थायिक झाले. इथे हा विषय काढला की समोरचा तमिळ माणूस आधी गप्प होतो, मग विचारतो, जाफना हॉस्पिटल माहीत आहे का?

21 ऑक्टोबर 1987, दिवाळी. आपल्या फौजेने जाफन्याच्या मुख्य रुग्णालयात शिरून गोळीबार केला. रुग्ण, परिचारिका, डॉक्टर मिळून 60-70 माणसं मेली. आतून आधी गोळी आली असं लष्कराचं म्हणणं, वाचलेले कर्मचारी वेगळं सांगतात. ऑगस्ट 1989मध्ये वल्वेट्टीतुरैला पुन्हा तसंच. आपले जवान मारले गेले, त्यानंतर गावात 60च्या वर माणसं मारली. इतक्या चर्चेत तिथल्या लोकांचं नाव कुणीच काढलं नाही म्हणून लिहिलं. 1987च्या जुलै-ऑगस्टमध्ये याच लोकांनी आपल्या जवानांना हार घातले होते. मार्च 1990मध्ये फौज गेली तेव्हा त्यांना हायसं वाटलं असेल तर त्यांची काय चूक?

पण म्हणून कडूनिंबांचं सगळं पटतं असंही नाही. जाताना आपण जे करून गेलो ते त्याहून वाईट होतं. निघायचं ठरल्यावर पेरुमल सरकारच्या रक्षणासाठी 'तमिळ नॅशनल आर्मी' उभी करायचा घाट घातला. भरती कशी? शाळा-कॉलेजची पोरं रस्त्यावरून, बसमधून उचलायची, थोडंफार शिकवायचं आणि हातात बंदूक द्यायची. आया छावण्यांच्या दारात रडत बसायच्या. आपली फौज एकेक जिल्हा रिकामा करत गेली आणि मागोमाग एलटीटीई या पोरांच्या छावण्यांवर चालून गेली. कित्येक मारली गेली, शस्त्रं सगळी प्रभाकरनच्या हाती. आपण दिलेली शस्त्रं!

अडाणी अभ्यासक

मायलापूरकर ताईंच्या मुद्द्यावरून आठवलं. आपल्या आधी वर्षभर, 15 फेब्रुवारी 1989ला, रशियन जनरल ग्रोमोव्ह अफगाणिस्तानातली सोव्हिएत फौज काढून अमू दर्यावरचा पूल चालत ओलांडून परत गेला. सगळे म्हणत होते, मागे राहिलेला अफगाण राष्ट्राध्यक्ष नजीबुल्ला आता काही आठवड्यांचा धनी. त्याच्याविरुद्ध लढणारे मुजाहिदीन मार्चमध्येच जलालाबादवर चालून गेले आणि तिथे सपाटून मार खाल्ला. नजीबुल्ला एप्रिल 1992पर्यंत टिकला. पडला कधी, तर सोव्हिएत युनियन फुटलं आणि पैसा, धान्य, इंधन, दारूगोळा बंद झाला तेव्हा. व्हिएतनाममध्येही अमेरिकन फौज 1973ला गेली, सायगाव पडलं एप्रिल 1975मध्ये, मधल्या काळात मदतीला कात्री लागल्यावर.

म्हणजे फौज निघाली त्या दिवशीच सगळं कोसळतं असं नाही. मागे राहिलेल्याचे स्वतःचे पाय किती घट्ट आहेत आणि निघालेला नंतर रसद देतो का, यावर ते ठरतं. 2021मध्ये अफगाण फौजेची विमानं सांभाळणारे परदेशी कंत्राटी तंत्रज्ञच निघून गेले. बगरामचा तळ तर अमेरिकनांनी रातोरात सोडला, नव्या अफगाण कमांडरला कळलं ते काही तासांनी. लढायचं कुणाच्या भरवशावर?

पेरुमल या मापात कुठे बसतात? पाय नव्हतेच, आणि रसद आपण देऊ शकत नव्हतो, कारण कोलंबोच विरोधात. त्यामुळे 1990 की 1992, या तारखेला काही अर्थ नाही. घाटवाट म्हणतात तसे दोन वर्षं थांबलो असतो तर हेच 1992मध्ये झालं असतं.

घाटवाट

@अडाणी अभ्यासक, नजीबुल्लाचा मुद्दा जोरदार आहे, पण तो माझ्या बाजूने जातो. त्याच्याकडे सोव्हिएतांनी बरीच वर्षं घडवलेली फौज होती. आपण शेवटच्या काही महिन्यांत पोरं गोळा केली. वेळ दिला असता तर भरती जबरदस्तीने करावी लागली नसती.

मायलापूरकर

वेळ दिला असता तरी स्वखुशीने कोण आलं असतं हो? जो मुलगा स्वतःहून बंदूक उचलणार होता तो आधीच दुसरीकडे गेला होता.

कडूनिंब

ताईंशी सहमत, धाग्यावर पहिल्यांदाच. मग माझा प्रश्न घाटवाटांना नाही, सगळ्यांना: फौज काढायचीच होती, तर त्या पोरांचं काय करायला हवं होतं? बंदुका काढून घेऊन घरी पाठवली असती तर? तरी एलटीटीईने यादी काढून मारलीच असती बहुतेक.

फौजीचा भाचा

सोबत आणायला हवी होती. जहाजं होती ना! पेरुमल आणले. ईपीआरएलएफच्या काही लोकांना बायकापोरांसकट जहाजात घातलं, तमिळनाडूने उतरू दिलं नाही म्हणून पार ओरिसात मलकानगिरीच्या छावणीत नेऊन ठेवलं. जे नेते होते, ज्यांची ओळख होती, त्यांना जागा मिळाली. भरती केलेल्या पोरांची तर धड यादीही कुणाकडे नसेल. आणि भारतात आलेलेही वाचले असं नाही. ईपीआरएलएफचे नेते पद्मनाभ जून 1990मध्ये मद्रासमध्येच मारले गेले, साथीदारांसकट.

अडाणी अभ्यासक

आणि ज्या प्रांतिक सरकारसाठी हे सगळं केलं त्याची आजची अवस्था: उत्तर-पूर्व प्रांत 2007मध्ये पुन्हा वेगळे केले. उत्तरेत प्रांतिक निवडणूक 2013ला झाली ती झाली. प्रांतांना अधिकार देणारी श्रीलंकेची तेरावी घटनादुरुस्ती कागदावर शाबूत आहे, आपले परराष्ट्रमंत्री कोलंबोला गेले की तिची आठवण करून देतात.

घाटवाट

मलकानगिरीचं मला माहीत नव्हतं. पण 'सोबत आणा' हे उत्तर हजारांच्या संख्येला कसं लागू करणार, तेही सांगा. तमिळनाडू उतरू देत नाही म्हणता, मग कुठे ठेवायचे?

फौजीचा भाचा

मलकानगिरीत ठेवले तसेच. जागा सापडली होती की.