‘ऐच्छिक’ म्हणजे ऐच्छिक : दिसेल ते अपडेट टाका म्हणणाऱ्यांना उत्तर

खडेबाजारचा मुद्रक, बेळगाव

परवा या चर्चामंचावर एका सदस्याने लिहिले की, संगणकाच्या पडद्यावर विंडोजचे जे अपडेट दिसेल ते त्याच दिवशी टाकावे. ‘ऐच्छिक’ हा शब्द केवळ आळशी लोकांच्या सोयीसाठी आहे. हे वाचून मी दुकान बंद केल्यावर मुद्दाम लिहायला बसलो आहे, कारण असा सल्ला ऐकूनच मी एकदा पस्तावलो आहे.

विंडोजचे मुख्य अपडेट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येते. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेदहा-साडेअकरा झालेले असतात, म्हणून आपल्याला ते बुधवारी दिसते. सुरक्षेच्या दुरुस्त्या त्यात असतात आणि त्याबद्दल माझा काहीही वाद नाही. महिन्याच्या शेवटी जे ऐच्छिक अपडेट येते ती पुढच्या महिन्याच्या इतर दुरुस्त्यांची आगाऊ प्रत असते. ती घेतली नाही, तरी त्याच दुरुस्त्या दोन-तीन आठवड्यांनी मुख्य अपडेटमधून आपोआप येतात. मग घाई कशासाठी करायची? 29 जानेवारी 2025 च्या ऐच्छिक अपडेटनंतर काही यूएसबी प्रिंटर आपण होऊन निरर्थक मजकूर छापू लागले होते. ज्याचे पोट प्रिंटरवर चालते, त्याने ही परीक्षा स्वतःच्या यंत्रावर का द्यावी?

ऐच्छिक ड्रायव्हरची, म्हणजे प्रिंटरसारखे उपकरण चालवणाऱ्या प्रोग्रामची, गोष्ट तर याहून वाईट आहे. ऐन वैशाखात मी प्रिंटरचा असाच एक ड्रायव्हर टाकला. कंपनीचे नाव घेत नाही. कागदाचे माप ए-फोरवरून गुपचूप लेटरवर गेले. लेटर हा ए-फोरपेक्षा 18 मिलिमीटर आखूड असतो, आणि नेमक्या त्या तळाच्या पट्टीत मंगल कार्यालयाचा पत्ता होता. 400 पत्रिका छापून झाल्या, हळदीकुंकू लावून दोन घरी पोहोचल्या, आणि मग मुलीच्या मामांचा फोन आला की, ‘लग्न आहे कुठे?’ सगळा कागद माझ्या खिशातून गेला.

निपाणीचा दुरुस्तीकार

अण्णा, आपले नुकसान झाले याचे वाईट वाटते. पण पहिली प्रत न तपासता 400 छापल्या, हा दोष ड्रायव्हरचा नाही. आमच्या दुकानात दर महिन्याला अशी यंत्रे येतात, ज्यांवर दोन-दोन वर्षे एकही अपडेट झालेले नसते. मालकाला विचारले की तो सांगतो, ‘कुणीतरी म्हणाले होते, अपडेट टाकू नका.’ तो कुणीतरी म्हणजे आपल्यासारखाच जाणकार असतो. आपण ‘ऐच्छिक टाकू नका’ म्हणता. ऐकणारा ‘ऐच्छिक’ गाळतो आणि ‘टाकू नका’ तेवढे लक्षात ठेवतो. 12 मे 2017 रोजी फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा वॉनाक्राय हा प्रोग्राम जगभर पसरला. त्याला अडवणारी दुरुस्ती 14 मार्चलाच आली होती. जे दोन महिने थांबले, त्यांच्यापैकी अनेकांच्या फाइली गेल्या.

खडेबाजारचा मुद्रक, बेळगाव

ती दुरुस्ती सुरक्षेची होती, ऐच्छिक नव्हती. आपण भलताच दाखला माझ्या गळ्यात घालत आहात. ऐकणारा अर्धेच ऐकतो म्हणून बोलणाऱ्याने खरे बोलायचे नाही काय? आणि पहिली प्रत मी तपासली होती. ती जुन्या ड्रायव्हरवर काढलेली होती. ड्रायव्हर मध्ये बदलला.

चिकोडीचा हिशेबनीस

मुद्रकांशी मी सहमत आहे. 19 जुलै 2024 आठवा. एका अपडेटमुळे जगभरातील सुमारे 85 लाख यंत्रे निळ्या पडद्यावर अडकली आणि आपल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. विवरणपत्रांचा महिना असताना मी कोणत्याही अपडेटला हात लावत नाही.

निपाणीचा दुरुस्तीकार

ते विंडोजचे अपडेट नव्हतेच. क्राउडस्ट्राइकच्या सुरक्षा सॉफ्टवेअरची सदोष फाइल होती, आणि ती ऐच्छिक यादीत कधीच दिसली नव्हती. असे दाखले देऊन लोकांना घाबरवणे हेच मला खटकते. आणि ‘कोणत्याही’ अपडेटला हात लावत नाही, हे आपण स्वतःच लिहिले आहे. मुद्रकांनी पाहावे, ‘ऐच्छिक’ कसा गळतो ते.

खडेबाजारचा मुद्रक, बेळगाव

पाहिले. हा मुद्दा आपला, मान्य करतो. ड्रायव्हरबाबत मात्र तसूभरही हटत नाही.

खानापूरची प्रयोगशाळा सहायक

मी एका महाविद्यालयात 30 संगणक सांभाळते आणि दोन्ही बाजूंना अपुऱ्या मानते. जे ऐच्छिक अपडेटमध्ये येते तेच पुढच्या महिन्यात सर्वांना येते, म्हणजे दोष राहून गेला तर दोषही सर्वांना येतो. आधी कुणी टाकून तक्रार केली तरच तो वेळेत सापडण्याची आशा. म्हणून मी चौथ्या आठवड्यात खिडकीजवळच्या एकाच यंत्रावर ते टाकते, मराठी आणि कन्नड दोन्ही कळफलक चालवून पाहते, छपाई करते, आणि उरलेल्या 29 यंत्रांना दुसऱ्या मंगळवारपर्यंत हात लावत नाही. परीक्षा असेल तर अपडेट पाच आठवड्यांपर्यंत थांबवून ठेवता येते, तेही करते.

इथे इंटरनेट पुष्कळदा मोबाईलवरूनच घ्यावे लागते. ती जोडणी ‘मीटर्ड’ (डेटा मोजून वापरायची) करून ठेवली नाही, तर दिवसाचा डेटा सकाळीच संपतो. पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नसतो. ‘संगणक बंद करू नका’ असे लिहिलेले असताना आणि आकडा 64 टक्क्यांवर असताना खोलीत अंधार झालेला मी पाहिला आहे. म्हणून दुपारी ढग दाटले की अपडेट सुरू करायचे नाही, हा माझा नियम आहे. शिवाय अपडेटच्या पानावर ‘उपलब्ध होताच नवीनतम अपडेट मिळवा’ अशा अर्थाचे एक बटण असते. ते चालू असेल तर ऐच्छिक अपडेटही न विचारता येऊ शकते. अनेकांनी ते कधीतरी दाबून ठेवलेले असते.

मुद्रकांना एक विचारायचे आहे. अनेक छापखान्यांत जुन्या मराठी फॉन्टसाठी एक जुने यंत्र ठेवलेले असते. आपल्या दुकानातले ते यंत्र विंडोजच्या कोणत्या आवृत्तीवर चालते?

टिळकवाडीचे निवृत्त शिक्षक

ताईंनी बरोबर दुखण्यावर बोट ठेवले. या शहरातील अनेक छापखाने अपडेटला घाबरतात ते प्रिंटरमुळे नव्हे, तर जुन्या फॉन्टमुळे आणि त्यांच्या डोंगलमुळे, म्हणजे फॉन्ट चालावेत म्हणून यंत्राला लावायच्या किल्लीमुळे. यंत्र बदलले की डोंगल चालेल याची खात्री नाही, आणि डोंगल चालला नाही तर फॉन्ट नाही. म्हणून पंधरा-पंधरा वर्षे यंत्र तेच. देवनागरी युनिकोडमधून, म्हणजे सगळ्या यंत्रांना समजणाऱ्या सामाईक अक्षरसंकेतातून, लिहिण्याची सोय विंडोज 2000 पासून आहे. पाव शतक झाले! माझ्या वडिलांनी लिहिलेला आमच्या गावाचा इतिहास मी 1998 मध्ये शहरातच टंकलिखित करून घेतला. 140 पाने आहेत. वडील आता नाहीत, हस्तलिखिताला वाळवी लागली, आणि ती फाइल तो जुना फॉन्ट नसलेल्या यंत्रावर उघडली की रोमन अक्षरे, कंस आणि टक्क्यांची चिन्हे दिसतात. मराठी शाळा आणि फलक यांसाठी आपण भांडतो, आणि आपली मराठी अशा फाइलीत कोंडून ठेवतो, याचा मला संताप येतो.

खडेबाजारचा मुद्रक, बेळगाव

सर, आपण मला शिकवले नसले तरी शिक्षक आहात म्हणून सौम्यपणे लिहितो. मराठी कोंडून ठेवल्याचा आरोप मी ऐकून घेणार नाही. कडोली, येळ्ळूर, उचगाव या गावांची साहित्य संमेलने भरतात तेव्हा पत्रिका रात्री जागून कोण छापतो? जुन्या पानजुळणीच्या सॉफ्टवेअरमध्ये युनिकोड घातले, तर ‘वऱ्हाडी मंडळी’ मधला अर्धा र मोडतो आणि रफार ‘हा’च्या डोक्यावर जाऊन बसतो. लग्नाच्या पत्रिकेवर तो शब्द मोडका छापून मी कुणाच्या हातात देऊ? त्या वेळी जे शुद्ध छापत होते ते आम्ही वापरले. हौस म्हणून नव्हे.

टिळकवाडीचे निवृत्त शिक्षक

त्या वेळचे कारण खरे होते, हे मानतो. आजचे नाही. आज पानजुळणीची चालू सॉफ्टवेअरे ‘वऱ्हाडी’ नीट दाखवतात. आपल्याकडे पत्रिका एका बाजूला मराठी आणि दुसऱ्या बाजूला कन्नड असते. युनिकोडमध्ये दोन्ही एकाच फाइलीत बसतात, जुन्या पद्धतीत दोन फॉन्ट आणि दोन कळफलक सांभाळावे लागतात. आणि अपडेट नाकारण्याची किंमतही पाहा. जुलै 2010 मध्ये रुपयाला चिन्ह मिळाले. विंडोज 7 वर ते दिसावे म्हणून स्वतंत्र अपडेट आले. ज्यांनी ते टाकले नाही, त्यांच्या पडद्यावर रुपयाच्या जागी रिकामा चौकोन. एका पतसंस्थेच्या वार्षिक अहवालात मी असे चौकोन हाताने भरले आहेत, पेनने, प्रत्येक प्रतीत. सुरक्षेशी त्या अपडेटचा काही संबंध नव्हता, तरी त्याच्यावाचून आमचे अडले.

निपाणीचा दुरुस्तीकार

सरांनी जे सांगितले ते मला पहिल्याच उत्तरात सांगता आले असते तर बरे झाले असते. पण ताईंच्या प्रश्नाचे उत्तर अजून आलेले नाही.

खडेबाजारचा मुद्रक, बेळगाव

उत्तर टाळत नव्हतो, लिहायला जड जात होते. ते यंत्र विंडोज 7 वर आहे.

खानापूरची प्रयोगशाळा सहायक

दादा, विंडोज 7 चा आधार, म्हणजे कंपनीकडून दुरुस्त्या मिळणे, 14 जानेवारी 2020 रोजी संपला. विंडोज 10 चासुद्धा 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. विंडोज 10 वर त्यानंतरही सुरक्षेचे अपडेट हवे असेल तर मुदतवाढीची वेगळी नोंदणी करावी लागते. आपण ऐच्छिक अपडेट दोन आठवडे उशिरा घ्यावे की नाही यावर इतके लिहिले, आणि शेजारच्या टेबलावरच्या यंत्राला नेहमीचे सुरक्षेचे अपडेटसुद्धा मिळत नाही. ते इंटरनेटला जोडलेले आहे काय? ग्राहक मजकूर ई-मेलने पाठवतात, तो त्याच यंत्रावर उघडता काय?

निपाणीचा दुरुस्तीकार

अशा यंत्रावर अनोळखी ई-मेल उघडायचे आणि ड्रायव्हरला शिव्या द्यायच्या, याला काय म्हणावे!

खडेबाजारचा मुद्रक, बेळगाव

दुरुस्तीकारांनी आवाज चढवण्याची गरज नाही, ताईंनी न चढवता सांगितलेले मला जास्त लागले. होय, त्याच यंत्रावर उघडत होतो. आज सकाळी दुकान उघडल्यावर पहिली गोष्ट म्हणजे त्याची इंटरनेटची केबल काढली. यापुढे ई-मेल नव्या यंत्रावर, आणि जुन्यावर फक्त छपाई. नव्या यंत्रावर सुरक्षेचे अपडेट ज्या बुधवारी दिसेल त्या बुधवारी टाकीन. महिन्याअखेरचे ऐच्छिक अपडेट मी अजूनही टाकणार नाही, कारण माझ्याकडे खिडकीजवळ ठेवायला तिसावे यंत्र नाही. ड्रायव्हर तर तक्रार असल्याशिवाय मुळीच नाही, आणि टाकलाच तर नवी पहिली प्रत काढून, पट्टीने मोजून.

सर, आपल्या वडिलांची फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन रविवारी दुकानात या. केबल काढली असली तरी डोंगल अजून त्याच यंत्राला आहे, आणि 1998 सालचे ते दोन-तीन फॉन्ट मी काढून टाकलेले नाहीत. अक्षरे उमटली तर 140 पाने त्याच दिवशी कागदावर काढून देतो. युनिकोडमध्ये कशी आणायची ते आपण मला शेजारी बसून दाखवा.

टिळकवाडीचे निवृत्त शिक्षक

रविवारी दहा वाजता येतो. कागद मी आणतो, ए-फोर.